पेंचचा काळोख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरहून लोकांना आकाशदर्शनासाठी रानाकडे घेऊन जाण्याचं काम मी बरीच वर्षं हौसेने करतो आहे. गाडीत बसल्यापासून सतरंजीवर आडवं होईपर्यंत साधारण तेच प्रश्न येतात. दर वेळी उत्तर थोडं अपुरं राहतं, म्हणून इथे निवांतपणे लिहितो आहे. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलं आहे.

डार्क स्काय पार्क म्हणजे काय? तिथे बघायला काय बांधलं आहे?

फार काही बांधलेलं नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, पवनी परिक्षेत्रात वाघोलीकडे वनविभागाने एक निरीक्षण मनोरा उभारला आहे आणि दुर्बीण ठेवली आहे. खरी गोष्ट आहे ती तिथल्या आकाशाची. जानेवारी 2024 मध्ये पेंचला ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. भारतातला हा पहिला आणि आशियातला पाचवा. ही मान्यता देणारी डार्कस्काय इंटरनॅशनल ही संस्था अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनची, 1988 साली सुरू झालेली. 2001 पासून ती जगभरातल्या काळोख्या जागांना अशी मान्यता देते. त्या वर्षी पहिला मान मिळाला अ‍ॅरिझोनातल्याच फ्लॅगस्टाफ शहराला, आणि पार्क म्हणून पहिली मान्यता 2007 मध्ये यूटा राज्यातल्या नॅचरल ब्रिजेस या संरक्षित क्षेत्राला.

पार्क म्हणजे इथे बाग नव्हे. सार्वजनिक किंवा खाजगी मालकीची, राखलेली जमीन, जिथे लोकांना रात्री आकाश बघायला येता येतं आणि जिथले दिवे नियमाने लावले जातात, एवढाच अर्थ.

हे मध्य प्रदेशातलं पेंच की आपलं?

आपलं, नागपूर जिल्ह्यातलं. नदी एक, रान एक, पण राज्यांच्या सीमेमुळे व्याघ्र प्रकल्प दोन झाले. मान्यता महाराष्ट्राच्या बाजूला आहे. आकाश अर्थात दोन्हीकडे सारखंच.

लडाखमधल्या हान्लेचं नाव आधी ऐकलं होतं. मग पहिलं पेंच कसं?

दोन्ही खरं आहे. हान्लेचा ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ लडाख प्रशासनाने डिसेंबर 2022 मध्ये अधिसूचित केला. तो चांगथांग अभयारण्यात आहे, बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वेधशाळेभोवती 22 किलोमीटर त्रिज्येचा. म्हणजे तो आपल्या सरकारने आपल्या नियमांनी राखलेला काळोख आहे, आणि पेंचची मान्यता आंतरराष्ट्रीय संस्थेची आहे.

हान्ले साडेचार हजार मीटर उंचीवर, कोरड्या हवेत आहे. तिथलं आकाश देशातलं सर्वांत उत्तम, यात वाद नाही. मला तिथली दुसरी एक गोष्ट जास्त भावते. प्रशासनाने आणि शास्त्रज्ञांनी आसपासच्या वस्त्यांतल्या चोवीस जणांना खगोलशास्त्राचं प्रशिक्षण दिलं, हातात दुर्बिणी दिल्या, आणि आता तीच माणसं पाहुण्यांना आकाश दाखवतात. घरच्या खिडक्यांना जाड पडदे लावायचे, बाहेरच्या दिव्यांना टोप्या घालायच्या, हे मग कुणी वरून सांगावं लागत नाही. काळोख हेच घरात चार पैसे येण्याचं साधन झालं की त्याची राखण आपोआप होते. पेंचच्या गावांतही हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

वाघाच्या जंगलात दिवे नसतातच. मग वाचवायचं काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि तो रास्त आहे. जंगलात दिवा नसला तरी जंगलावर उजेड असतो. दिव्यातून आडवा आणि वर गेलेला प्रकाश हवेतल्या धुळीवर, बाष्पावर, खुद्द हवेच्या रेणूंवर आपटून विखुरतो आणि आकाशाचा तेवढा भाग राखी होतो. जो प्रकाश क्षितिजाला जवळजवळ समांतर निघतो तो हवेतून सर्वांत लांब प्रवास करतो, त्यामुळे दूरच्या आकाशाचं सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. नागपूर पेंचच्या दक्षिणेला आहे. जानेवारीच्या रात्री आम्ही अगस्तीचा तारा दाखवतो. तो इथून फार वर येत नाही, दक्षिण क्षितिजापासून पंधरा-सोळा अंशांवरच राहतो, म्हणजे नेमका नागपूरच्या उजेडावर टेकल्यासारखा. अगस्ती तेजस्वी आहे म्हणून निभावून नेतो. एप्रिल-मेमध्ये त्याच बाजूला नरतुरंग या तारकासमूहातला ओमेगा नावाचा प्रचंड तारकागुच्छ येतो. तो नुसत्या डोळ्यांनी दिसायला हवा. हवा दमट असली की तो त्या उजेडात विरतो.

जंगलाला कुंपण घालता येतं, आकाशाला घालता येत नाही. म्हणून पेंचचा काळोख राखायचा तर काम जंगलाबाहेरच्या गावांत, हमरस्त्यावर, रिसॉर्टांत आणि शेवटी नागपुरातही करावं लागतं.

तिथे एवढं काय वेगळं दिसतं?

आकाशगंगा दिसते, हे पहिलं. नागपुरात वाढलेली पंचविशीतली मुलं माझ्यासोबत येतात आणि ‘ढग आले वाटतं’ म्हणतात. तो ढग नसतो. पंधरा-वीस मिनिटं गेली की त्या पांढुरक्या पट्ट्यात काळ्या फटी दिसू लागतात, धुळीच्या. मग कुणीतरी गप्प होतं, आणि मग सगळेच.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी डोक्यावर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. धुरकट, लांबट ठिपका. तो प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. कृत्तिकांचा पुंजका शहरातून धुरकट दिसतो, फार तर पाच-सहा तारे कळतात. पेंचला चांगली नजर असलेली मुलं आठ-नऊ मोजतात. मृगात त्रिकांड बाणाच्या खाली तलवारीतला तेजोमेघ दिसतो. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर वृश्चिक आणि धनु वर आले की आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग समोर येतो. त्या रात्री मी फारसं बोलत नाही, लोकांना बघू देतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्यास्तानंतर दीडेक तासाने पश्चिमेला शंकूसारखा मंद उजेड उभा दिसतो. तो कुठल्या गावाचा नसतो. सूर्यमालेत पसरलेल्या धुळीवरून परतलेला तो सूर्यप्रकाश असतो. शहराजवळ तो कधीच दिसत नाही, आणि त्यामुळे असं काही असतं हेच आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

म्हणजे गावांनी अंधारात राहायचं का?

नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काळोखं आकाश राखायला दिवे काढून टाकावे लागत नाहीत. दिव्याचा उजेड जमिनीवर पाडावा लागतो. माझी साधी कसोटी आहे: रस्त्यावर पन्नास पावलं लांब उभं राहून बघा. रस्ता दिसला पाहिजे, बल्ब दिसता कामा नये. बल्ब डोळ्यांत घुसत असेल तर त्याचा बराच उजेड रस्त्यावर न पडता तुमच्या डोळ्यांत, समोरच्या झाडावर आणि आकाशात जातो आहे. त्याचं बिल मात्र ग्रामपंचायत भरते आहे.

बफरमधल्या एका गावात आम्ही मुक्कामाला होतो. ज्यांच्या अंगणात उतरलो त्यांच्या दारावर उघडा एलईडी बल्ब होता, समोर सतरंजी टाकली तरी आकाश दिसेना. घरमालक म्हणाले, बंद करतो. त्यांच्या आई नको म्हणाल्या, ओट्याची पायरी तुटलेली आहे, कुणी पडेल. मग त्यांनी गोठ्यामागून पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा डबा आणला, पत्रे कापायच्या कात्रीने उभा चिरला, वाकवून नाळ्यासारखी टोपी केली आणि तारेने बल्बच्या वर बांधली. दहा मिनिटांचं काम. पायरी आधीपेक्षा स्वच्छ दिसायला लागली, कारण डोळ्यांवरची चमक गेली होती. आजी ओट्यावर बसून म्हणाल्या, आता बरं वाटतंय डोळ्याला. अंगणातून आकाशगंगा दिसली. प्रकाश प्रदूषणावर मी तासभर बोलतो त्यापेक्षा तो डबा जास्त सांगून गेला. तो डबा अजून तिथेच आहे, थोडा गंजला आहे.

पेंचच्या प्रकल्पातही हेच करायचं ठरलं. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतल्या रस्त्यांवरचे आणि सार्वजनिक जागांचे शंभराहून अधिक दिवे जमिनीकडे उजेड टाकणाऱ्या दिव्यांनी बदलायचे.

पण बिबट्या, साप, बायकांची रात्रीची ये-जा?

भीती खरी आहे, तिला उडवून लावू नये.

आधी सापाचं. वाट चालताना पायापुढे टॉर्च हवाच. कुठल्याही आकाशप्रेमीने तुम्हाला अंधारात चालायला सांगितलं तर ऐकू नका. टॉर्च हातात असेल तर उजेड नेमका पावलापुढे पडतो. खांबावरच्या दिव्याची सावली मात्र बांधाच्या कडेला, गवतात, जिथे साप असतो तिथेच पडते.

बिबट्याचं म्हणाल तर दिव्याला तो बिचकतो असं धरून चालू नका. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या सोसायट्यांच्या आवारात, दिव्यांच्या लखलखाटात बिबटे येऊन गेल्याची सीसीटीव्हीची चित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. तो कुत्र्यांमागे येतो, कुत्री उकिरड्यामागे येतात. गोठ्याचं दार नीट लागणं आणि कचरा न साचणं हे दिव्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. रात्री बाहेर पडावं लागणाऱ्या बायांसाठी घरात शौचालय असणं आणि वाटेवर चमक नसलेला, सलग उजेड असणं या दोन गोष्टी हव्यात. झगझगीत दिव्याखालून पुढच्या काळोखात पाऊल टाकताना काही क्षण काहीच दिसत नाही, हा अनुभव प्रत्येकीला आहे. मंद पण सारखा उजेड त्याहून सुरक्षित.

एलईडीने वीज वाचते. मग तक्रार कशाची?

एलईडीबद्दल नाही, तिच्या रंगाबद्दल आणि आपल्या हावरेपणाबद्दल.

थंड पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो. हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून तर दिवसा आकाश निळं दिसतं. एलईडीचा निळा प्रकाश सोडियमच्या दिव्याच्या पिवळसर-नारिंगी प्रकाशापेक्षा जवळजवळ तिप्पट विखुरतो. म्हणजे तेवढ्याच उजेडात आकाशाची नासधूस जास्त. खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो: 6500 म्हणजे निळसर पांढरा, 2700 म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा. बाहेर लावायच्या दिव्यासाठी 3000 च्या वर जाऊ नये, जंगलाजवळ त्याहूनही खाली राहावं.

आणि हावरेपणा असा, की दिवा स्वस्त झाला म्हणून आपण एकाच्या जागी चार लावले. 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. जगभरच्या सामान्य लोकांनी 2011 ते 2022 या काळात डोळ्यांनी तारे बघून पन्नास हजारांहून जास्त नोंदी केल्या होत्या. त्यांवरून आकाशाचा उजेड दर वर्षी सरासरी 9.6 टक्क्यांनी वाढतो आहे असं निघालं. या वेगाने, जिथे मूल जन्मताना 250 तारे दिसतात तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत जेमतेम शंभर उरतील. उपग्रहांच्या मोजमापांत ही वाढ एवढी दिसत नव्हती. एक कारण असं, की त्यांच्या उपकरणांना निळा प्रकाश नीट दिसत नाही.

प्राण्यांना काय फरक पडतो?

खूप. पृथ्वीवरचं जीवन घडलं ते दिवस आणि रात्र एकापाठोपाठ येत असताना. आपल्याकडच्या मंडळींना पटकन पटतं ते काजव्यांचं उदाहरण. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीकडे झाडंच्या झाडं लखलखतात. ती लखलख म्हणजे नर-मादीतलं बोलणं असतं. प्रत्येक जातीची उघडझापेची लय वेगळी. तिथे गाडीचा हेडलाइट किंवा मोबाईलची टॉर्च मारली की ते बोलणं तुटतं. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही दिवस-आठवड्यांचं, तुटलेली रात्र त्याला परत मिळत नाही. गर्दी बघायला जाते काजवे, आणि जाताना घेऊन जाते उजेड.

कोकणात वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून निघाली की जिकडे क्षितिज जास्त उजळ तिकडे धावतात. हजारो वर्षं ते क्षितिज समुद्राचं होतं. किनाऱ्यावर हॉटेलचा दिवा लागला की पिल्लू उलट्या दिशेने चालायला लागतं. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवांसाठी जागा राखल्या आहेत, त्या ठिकाणी दिव्याचा प्रश्न वाळूइतकाच महत्त्वाचा आहे.

पतंगांबद्दल तर आपल्या भाषेत किती लिहिलं गेलं, ज्योतीवर झेप घेतो वगैरे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उडणं टिपलं गेलं. किडा दिव्याकडे ओढला जात नाही, तो दिव्याकडे पाठ करतो. कोट्यवधी वर्षं रात्री उजेड वरून, आकाशातून आला. त्या उजेडाकडे पाठ ठेवली की आपण सरळ उडतो आहोत हे त्याला कळत असे. दिव्याजवळ तीच सवय त्याला गोल गोल फिरवत ठेवते, दमून पडेपर्यंत. सकाळी हमरस्त्यावरच्या एखाद्या ढाब्याच्या दिव्याखाली झाडू मारणाऱ्या पोराला विचारा, सुपलीभर निघतात.

आणि हे मला फार आवडतं: दक्षिण आफ्रिकेत 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की शेणाचा गोळा ढकलत नेणारा भुंगा सरळ रेषेत जाण्यासाठी आकाशगंगेचा पट्टा वापरतो. चंद्र नसला तरी त्याला वाट सापडते.

चंद्राचा उजेड चालतो, मग दिव्याचा का नाही?

चंद्र महिन्यातून काही रात्रीच पूर्ण असतो आणि उरलेल्या रात्री माघार घेतो. दिवा बाराही महिने असतो.

काळोख मोजतात कसा?

तळहाताएवढं एक यंत्र असतं, स्काय क्वालिटी मीटर. डोक्याच्या वर धरून कळ दाबली की आकडा येतो. आकडा मोठा तेवढा काळोख जास्त. निसर्गतः काळ्याकुट्ट आकाशाचा आकडा 22 च्या आसपास असतो, मोठ्या शहरात तो 17-18 वर येतो. फरक चार-पाचचा दिसतो, पण ही मोजपट्टी साधी नाही. एक आकडा उतरला की आकाश सुमारे अडीचपट उजळ झालं, पाच आकडे उतरले की शंभरपट. यंत्र नसेल तर जॉन बोर्टल या अमेरिकन हौशी निरीक्षकाने 2001 मध्ये केलेली नऊ पायऱ्यांची पट्टी आहे, काय दिसतं आणि काय दिसत नाही यावरून पायरी ठरते. पहिली पायरी सर्वांत काळोखी, नववी महानगराची. मी मुलांना कृत्तिका मोजायला लावतो आणि वहीत तारीख घालून लिहायला सांगतो. दर वर्षी त्याच अंगणातून, त्याच महिन्यात. दहा वर्षांची अशी वही म्हणजे गावाचा दस्तऐवज.

याला कायदा आहे का?

ध्वनिप्रदूषणासारखे खास प्रकाश प्रदूषणाचे राष्ट्रीय नियम आपल्याकडे नाहीत. डार्कस्कायची मान्यता हाही कायदा नव्हे. ती टिकवायला दर वर्षी अहवाल द्यावा लागतो, आणि अटी पाळल्या नाहीत तर ती काढूनही घेता येते. तरी हात अगदी रिकामे नाहीत. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मुळे वनविभागाला बरंच करता येतं. भोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात रात्रीची वाहतूक ‘नियंत्रित’ कामांत मोडते. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर प्राण्यांना खालून जाण्यासाठी उंच पूल बांधले आहेत, आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीत तर आवाज व हेडलाइटचा झोत अडवणाऱ्या भिंतीही उभ्या केल्या आहेत. म्हणजे उजेड अडवण्यासाठी सरकारने पैसे खर्च करणं आपल्या देशात घडलेलं आहे. मागितलं तर मिळू शकतं.

आमच्या ग्रामपंचायतीने काय करावं?

आधी एका रात्री चार-पाच जणांनी गावात फिरून दिवे मोजावेत. कुठला दिवा कुणासाठी लागतो, हे विचारावं. बहुतेक गावांत असे पाच-सात दिवे निघतात जे कुणासाठीच नसतात. बंद शाळेच्या मागचा, ओस पडलेल्या गोदामावरचा, चौकातला जो नुसता खांबाला उजळतो. ते आधी बंद. मग उरलेल्यांची तोंडं खाली वळवायची. पुष्कळ दिव्यांना नवा दिवा लागत नाही, फक्त आडव्या नळीचा कोन बदलावा लागतो आणि वायरमन एका दिवसात गावभर फिरू शकतो. बल्ब उडेल तेव्हा पिवळसर आणावा. रात्री अकरानंतर देवळाचा, कमानीचा, जाहिरातीचा दिवा बंद. हे ग्रामसभेत ठराव करून, लिहून ठेवावं, कारण सरपंच बदलतात. लोक दिवाबत्ती कर भरतात, तो कशावर खर्च होतो हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

हायमास्टबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आमदार-खासदार निधीतून गावोगावी हे उंच खांब उभे राहतात, कारण ते लांबून दिसतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण उंच खांबावरून चारी दिशांना तिरपा फेकलेला उजेड हा आकाशाच्या दृष्टीने सर्वांत वाईट उजेड आहे. दोन किलोमीटरवरच्या शेतातल्या माणसाच्याही तो डोळ्यांत जातो. त्याच पैशांत गल्लीगल्लीत दहा-बारा बुटके, झाकलेले दिवे लागतात. आधीच बसला असेल तर त्याची तोंडं पूर्ण खाली करून घ्या, अर्धे दिवे काढा आणि मध्यरात्रीनंतर बंद राहील असं टायमर बसवा.

पर्यटक वाढले की काळोख तेच बिघडवतील ना?

ही भीती मलाही आहे. जंगलालगतच्या एका रिसॉर्टमध्ये ‘तारांगण रात्र’ म्हणून आम्हाला बोलावलं होतं. हिरवळीवर दुर्बिणी मांडल्या आणि चारी बाजूंनी झाडांच्या बुंध्यांवर हिरवे-निळे झोत सोडलेले. बंद करा म्हटलं तर व्यवस्थापक म्हणाले, पाहुण्यांना फोटोत झाडं हवी असतात. शेवटी आम्ही दुर्बिणी उचलून मागच्या वाहनतळावर गेलो. तिथे बरं आकाश होतं. पाहुणेही मागोमाग आले आणि परत हिरवळीवर कुणी गेलं नाही. व्यवस्थापकांनी ते पाहिलं. पुढच्या खेपेला झोत बंद होते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की खोली आरक्षित करताना फोनवरच विचारा, रात्री बाहेरचे दिवे बंद करता का? दहा जणांनी विचारलं की फरक पडतो.

कधी यावं, सोबत काय आणावं?

अमावास्येच्या आधीचे चार आणि नंतरचे तीन दिवस उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, पण विदर्भातली थंडी कमी समजू नका. स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे आणा, कारण स्थिर पडून राहिलं की थंडी दुप्पट लागते. आकाशगंगेचा मुख्य पट्टा बघायचा तर एप्रिल-मे. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते आणि आकाशही. निघण्याआधी वनविभागाकडे प्रवेशाची आणि वेळेची खात्री करून घ्या, रात्री जंगलात आपल्या मनाने हिंडायला कुणालाही परवानगी नाही.

डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पडदा एकदा पाहिला की ती सगळी वाया जातात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा, लाल उजेडाने नजर कमी बिघडते. मात्र वर म्हटल्याप्रमाणे वाटेवर चालताना पांढरी टॉर्चच वापरा. दुर्बीण नसली तरी चालेल. सतरंजी हवीच.

आणि विदर्भाबाहेर राहणाऱ्यांनी?

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करत आलं आहे, गोव्यात पणजीला लोकांसाठी वेधशाळा आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आंबेगाव तालुक्यात गिरवलीला डोंगरावर आहे आणि तिच्यावर पुण्याच्या वाढत्या उजेडाचं सावट आहे. देशातल्या संशोधनाची अशी जागा राखणं हे पुणे जिल्ह्याचं काम आहे, फक्त शास्त्रज्ञांचं नाही.

उपग्रहांमुळे आकाश तसंही खराब होतंय, मग दिवे झाकून काय उपयोग?

उपग्रहांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे, पण तो ग्रामसभेत सुटणार नाही. दिव्याचा सुटतो, आणि सुटला की त्याच रात्री दिसतो.

ही शहरी माणसांची हौस नाही का? गावकऱ्यांना ताऱ्यांचं काय?

असं म्हणणाऱ्याने एकदा गावातल्या म्हाताऱ्यांजवळ बसावं. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या संशोधकांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांत फिरून त्यांचं आकाश नोंदवून ठेवलं आहे. आपण ज्याला सप्तर्षी म्हणतो त्यात त्यांना खाट दिसते, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती खाट पळवू पाहणारे चोर. मृगात त्यांना शेतीचं अवजार दिसतं. पेंचचं रान या लोकांचं आहे आणि त्यावरचं आकाशही. आपण काही नवं शिकवायला जात नाही. ज्याला पुस्तकाशिवाय तारे ओळखता येत होते त्याच्या दारात आपणच उघडा बल्ब लावला, आणि नातवाला आता ती खाट दाखवता येत नाही. मला सगळ्यांत जास्त याचंच वाईट वाटतं.

आम्ही आलो आणि ढग असले तर?

थांबा, लगेच निघू नका. शहरात रात्रीचे ढग आपल्याला नारिंगी किंवा पांढुरके दिसतात, कारण खालून दिवे त्यांना उजळतात. काळोख्या जागी ढग काळे असतात, ताऱ्यांमध्ये पडलेल्या भोकांसारखे. वाघोलीच्या बाजूला उभं राहून आधी उत्तरेचे ढग बघा, मग दक्षिणेचे. ज्यांची खालची कड उजळलेली दिसेल, त्यांच्याखाली नागपूर आहे.